सतरा नंबरच्या खाली

घरात कुणी आजारी पडलं की पुरुषांना पहिला प्रश्न पडतो पैशांचा आणि बायकांना डब्याचा. औषधाचं काय, ते डॉक्टर बघून घेतील. पण सकाळचा चहा कोण नेणार, दुपारचं पथ्याचं कोण करणार, रात्री सोबतीला कोण जाणार, आणि जी जाईल तिच्या मुलांना सकाळी शाळेसाठी कोण उठवणार, हे कुठल्याच केसपेपरवर लिहिलेलं नसतं. म्हणून मी नेहमी म्हणते, नाव रुग्णाचं लागतं, पण भरती होते ती घरातली बाई!

गेल्या पावसाळ्यात आमच्या सासूबाईंना ताप आला. तीन दिवस अंग मोडून, डोळ्यांच्या खोबण्या ठणकून काढल्यावर रक्त तपासलं, तर डेंग्यू. प्लेटलेट अठ्ठेचाळीस हजार. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. (डॉक्टरांनी चष्मा काढला की समजावं, आता चिठ्ठी मिळणार.) ती घेऊन आम्ही गावातल्या दोन खासगी दवाखान्यांच्या पायऱ्या चढलो आणि उतरलो. पहिल्यात खाट नव्हती. दुसऱ्यात होती, पण तिथल्या बाईंनी अनामत रकमेचा आकडा इतक्या गोड आवाजात सांगितला, की आमचे हे ‘थँक यू’ म्हणून बाहेर आले. मग उरलं सरकारी.

पुण्याहून वन्संचा फोन. “वहिनी, आईला सरकारीत? लोक काय म्हणतील?”

मी म्हटलं, “आधी खाट मिळू दे वन्सं, मग लोकांना काय म्हणायचं ते म्हणू दे.”

खोटं कशाला सांगू, पैसे लागले नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं निःशुल्क झालं, ही खरोखरच चांगली गोष्ट झाली. पैसे लागत नाहीत, लागतात ते पाय. केसपेपरची खिडकी एका इमारतीत, रक्त घेणारे दुसऱ्या, एक्सरे तिसऱ्या आणि ‘यावर सही आणा’ ती सही करणारे नेमके चौथ्या इमारतीत. या चार धामांची यात्रा स्ट्रेचरवरून करायची असते आणि स्ट्रेचर ओढायचं ते आपणच. आमच्या स्ट्रेचरचं एक चाक नव्या नवरीसारखं सारखं माहेरच्या दिशेला वळत होतं. आम्ही एक्सरेकडे निघालो की ते रक्तपेढीकडे ओढायचं. त्यावर आडव्या पडलेल्या सासूबाई पदर सावरून म्हणत होत्या, “अहो हळू, मी अजून आहे.”

बायकांच्या वॉर्डात पोहोचलो. दारावर लिहिलं होतं ‘खाटा ३०’. आत किती बाया होत्या ते मी रात्री जाग्रणात मोजलं. बहात्तर भरल्या, आणि यात माझ्यासारख्या सोबतच्या धरलेल्या नाहीत. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात म्हणे हजार माणसांमागे दोन खाटा असाव्यात असं उद्दिष्ट आहे. आमच्या वॉर्डानं ते थोडं वेगळ्या रीतीनं गाठलं होतं. तिथं एका खाटेमागे दोन माणसं होती.

सिस्टरनी वही उघडली, नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं ‘१७ खाली’.

“खाली म्हणजे?” ह्यांनी विचारलं.

“म्हणजे खाली,” सिस्टर म्हणाल्या आणि पुढच्या स्ट्रेचरकडे वळल्या.

सतरा आणि अठरा या दोन खाटांच्या मधल्या बोळात एक गादी पसरलेली होती. डोकं बोळात आणि पाय सतराच्या खाटेखाली, असा तो मुक्काम. दोन दिवसांत मला वॉर्डातली चातुर्वर्ण्य व्यवस्था कळली. पहिले ‘वरचे’, म्हणजे खाटवाले. दुसरे आम्ही ‘खालचे’, गादी असलेले. तिसरे ‘वाटेवरचे’. यांना गादी होती, पण येणारा-जाणारा प्रत्येकजण यांना ओलांडून जायचा. आणि सगळ्यांत शेवटी व्हरांड्यातले, ज्यांना चटई घरून आणावी लागे. वरच्यांच्या सोबतिणी खालच्यांशी बोलताना आपसूक जरा टेचात बोलत. भेटायला येणाऱ्यांना पत्ता सांगायचा तोही चाळीतल्यासारखा. “जिन्यानं वर या, डाव्या हाताला सलाईनचा वाकडा स्टँड दिसेल, तिथून तिसरी पथारी. वाटेत कुणाच्या हातावर पाय देऊ नका.”

डेंग्यूच्या रुग्णाला मच्छरदाणीत ठेवायचं असतं. त्याला चावलेला डास पुढं दुसऱ्याला चावला की झालं! सिस्टरनी मच्छरदाणी आणायला सांगितली, मी आणली. आता बांधणार कुठं? शेवटी दोन दोऱ्या सतराच्या खाटेला, एक अठराच्या आणि चौथी खिडकीच्या गजाला. सतराच्या आजी कुशीवर वळल्या की आमची मच्छरदाणी वर-खाली व्हायची. भिंतीवर मोठा फलक होता, त्यावर डासाचं हे एवढं चित्र. हा डास गटारात नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो, दिवसा चावतो, म्हणून पिंप झाकून ठेवा, फ्रीजमागची ताटली आणि कूलर आठवड्यातून एकदा कोरडे करा. मजकूर अगदी खरा. आणि फलकाच्या बरोबर खाली होतं वॉर्डाच्या वापराच्या पाण्याचं भलंमोठं पिंप, बिनझाकणाचं. तिसऱ्या दिवशी मी घरून पोळपाट आणून त्यावर ठेवला. संध्याकाळपर्यंत पोळपाटावर कुणाचा तरी डबा, कुणाची चप्पल आणि एक इंजेक्शनची पेटी विराजमान झाली, पण पिंप झाकलेलं राहिलं.

सतराच्या आजी तालुक्याच्या पलीकडच्या कुठल्याशा गावच्या. दम लागायचा, पायावर सूज, रात्रभर उशांना टेकून बसलेल्या. सोबतीला लेक. आई तिच्याकडेच राहायची म्हणे. तिच्या आणि माझ्या डब्याची पहिल्याच रात्री ओळख झाली. माझी मुगाची खिचडी वर गेली, तिची भाकरी नि जवसाची चटणी खाली आली. आजींना दोन वाक्यांत एक श्वास घ्यावा लागे, पण म्हशीची चौकशी चुकत नसे. “दूध कोण काढतंय गं... तिला दुसऱ्याचा हात... चालत नाही.” सासूबाई खालून म्हणत, “माझी सूनही अशीच आहे हो!” आणि दोघी आपापल्या मजल्यावर हसत. मी हसले नाही, हे सांगायला नको.

आता सिस्टरांविषयी. आपण सगळ्या घरी येऊन सांगतो, ‘काय बाई त्या सिस्टर, नुसत्या वसकन अंगावर येतात!’ भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे, की साध्या रुग्णालयाच्या वॉर्डात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. आमच्या वॉर्डात रात्रपाळीला बहात्तरांमागे एक होती, आणि मदतीला एक शिकाऊ मुलगी, जिला सिस्टरच्या मागे धावताना स्वतःलाच सलाईन लावावं अशी वेळ आलेली. घरात दोन मुलं आणि एक नवरा एकदम तापानं पडले तर आपण किती गोड बोलतो, ते ज्यानं त्यानं आठवून बघावं. पहाटे तीनला मी त्यांना औषधांच्या कपाटाआड उभ्यानं डबा खाताना पाहिलं. एका हातात पोळीचा घास, दुसऱ्या हातानं रजिस्टरात आकडे. मी थर्मासमधला चहा नेऊन दिला. त्या म्हणाल्या, “सोबतच्यांनी इथं यायचं नाही,” आणि चहा घेतला.

एक माणूस जिथं पुरत नाही, तिथली कामं आपोआप आपल्याकडे येतात. “सलाईन संपत आलं की सांगा,” असं म्हणून सिस्टर गेल्या की संपला आपला दिवस. गॅसवर दूध ठेवल्यावर जशी आपण नजर हटवत नाही, तशी त्या थेंबांवरून हटवायची नाही. फरक एवढाच, की दूध दहा मिनिटांत वर येतं, बाटली चार-चार तास खाली येते. रक्ताची नळी प्रयोगशाळेत पोचवायची, तिथून कागद आणायचा, ‘हे बाहेरून आणा’ अशी चिठ्ठी आली की औषधाच्या दुकानी पळायचं, लघवी मोजून वहीत लिहायची. चौथ्या दिवशी एका नव्या बाईनं मला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारली, आणि सांगते, मी ‘आले हं’ म्हणाले.

मावशींचं खातं वेगळं. बेडपॅन मागितलं की मावशी नेमक्या कुठंतरी ‘गेलेल्या’ असत. चहापाण्याला काही दिलं की त्याच मावशी भिंतीतून प्रकट होत. ह्यांचं तत्त्व असं, की लाच द्यायची नाही. तत्त्व उत्तम, पण बेडपॅन ह्यांना लागत नव्हतं. शेवटी मी घरूनच एक भांडं आणलं आणि ह्यांचं तत्त्व राखलं.

सकाळी नऊला राऊंड. त्याआधी पंधरा मिनिटं वॉर्डात लग्नघरासारखी धांदल! “सोबतचे बाहेर! दोऱ्या काढा! गाठोडी खाली!” गाठोडी खाली म्हणजे अर्थातच आमच्यावर. खिडकीच्या गजांवरचे परकर-टॉवेल क्षणात नाहीसे होत. मग मोठे डॉक्टर येत, त्यांच्यामागे लहान डॉक्टर, त्यांच्यामागे आणखी लहान. मोठे डॉक्टर खाटेच्या उंचीवर बघत. खालच्यांकडे एक लहान डॉक्टरीण उकिडवी बसून बघायची. आदल्या सकाळपासून घरी गेली नव्हती ती, केसांत पेन खोचलेलं, पण बोलायची मात्र नीट. तिनं जे सांगितलं ते मी किराणामालाच्या यादीच्या पाठीवर लिहून ठेवलंय, कारण ते घरोघरी उपयोगी आहे. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्यामागे धावायचं नाही. पोटात पातळ जाऊ द्यायचं, पेज, ताक, शहाळं, मीठ-साखरेचं पाणी. तापाला साधं पॅरासिटामॉल, तेही विचारून. दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारखी गोळी मुळीच नाही, त्यानं रक्तस्राव व्हायची भीती. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, ताप उतरला की आपण हुश्श म्हणतो, तर या आजारात खरी काळजी तेव्हाच घ्यायची. ताप उतरल्यावर पोटात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त, एकदम गळून जाणं, यातलं काहीही दिसलं की थांबायचं नाही.

हे सगळं एका बाजूला आणि चार ते सहाला येणारी पाहुणेमंडळी दुसऱ्या बाजूला! पहिल्या दिवशी चुलत सासरे पपईची पानं घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू पपईच्या पानांचा काढलेला रसच घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी कुणीतरी शेळीचं दूध आणलं. माझ्या जाऊबाईंच्या भावजयीनं मोबाईलवर आलेला निरोप मोठ्यानं वाचून दाखवला, की एका बाईच्या प्लेटलेट एका रात्रीत तिप्पट झाल्या. सासूबाईंनी एकदा तो रस तोंडात घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघून सतराच्या आजी दम लागेपर्यंत हसल्या. मग किवी! रुग्णालयाच्या फाटकाबाहेर गाडीवर डेंग्यूच्या मोसमात हेच फळ. एकाला पन्नास रुपये, आणि फळवाला डॉक्टरपेक्षा ठामपणे सांगतो, “दिवसाला दोन, काउंट वाढणार.” सासूबाईंनी निक्षून सांगितलं, “पन्नास रुपयांची आंबट बटाटी मी खाणार नाही.”

परिचर्येचा पाया घालणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचं नाव तुम्ही शाळेत ऐकलंच असेल, हातात दिवा घेतलेल्या. १८५४ मध्ये त्या क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींची शुश्रूषा करायला गेल्या. पुढं १८६० च्या सुमारास त्यांनी शुश्रूषेवर एक छोटं पुस्तक लिहिलं, ते मुद्दाम घरी आजारपण काढणाऱ्या साध्या बायकांसाठी. त्यात आवाजावर एक प्रकरण आहे आणि भेटायला येऊन खोटा धीर आणि फुकटचा सल्ला देणाऱ्यांवर आख्खं एक प्रकरण आहे! बाई हिंदुस्थानात कधी आल्या नव्हत्या, हे ते प्रकरण पाहून खरं वाटत नाही. रुग्णाच्या उशाशी कुजबुजू नका, असंही त्यांचं सांगणं. आमच्याकडे ती अडचण नाही. आमची माणसं उशाशी उभं राहून चांगली मोठ्यानं सांगतात, “आमच्या आत्याचं अगदी असंच सुरू झालं होतं... गेली बिचारी.”

तुमच्यापैकी कुणावर ही पाळी आली तर (येऊ नये, पण पावसाळा आहे) माझ्या अनुभवाचे चार शब्द. भारीची शाल नेऊ नका, दोरी न्या. दोरी कपडे वाळत घालायला, मच्छरदाणीला, पिशवी टांगायला आणि रात्री आपलं गाठोडं मनगटाला बांधून झोपायला, अशी चार ठिकाणी लागते. स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेलं असेल तर उत्तम, लग्नातल्या आहेराच्या भांड्यांना इथंच अर्थ येतो. मोबाईल चार्ज करायला वॉर्डात दोनच जागा चालू होत्या, तेव्हा लांब वायरचा बोर्ड नेणारी बाई पहिल्याच दिवशी सगळ्यांची लाडकी होते. जुनी वर्तमानपत्रं भरपूर. सगळे कागद एका पिशवीत, आणि ती पिशवी ह्यांच्याकडे न देता आपल्याकडे. आणि मासिकांतून ‘रुग्णासाठी हलका आहार’ बराच छापून येतो, पण सोबतच्या बाईनं काय खावं ते कुणी लिहीत नाही. तिनं खावी रुग्णाची उरलेली पेज, दुसरं काय!

खाटेचं सांगायचं राहिलं. खालच्यांचं सगळं लक्ष असतं खाटेकडे. कोण कधी घरी जाणार याचे अंदाज सारखे चालतात. ‘अकरावालीला आज सोडणार’, ‘बाविसावीचा ताप उतरला’. ऐकताना वाटतं, रेल्वेत उभे प्रवासी विचारतात ना, ‘आपण कुठं उतरणार?’, तसंच हे. पण वॉर्डातली खाट दोन तऱ्हांनी रिकामी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी बोलत नाही. ह्यांनी दुसऱ्या दिवशी सिस्टरना विचारलं होतं, “आम्हाला वर कधी मिळेल?” सिस्टर म्हणाल्या, “तुमच्या जवळची रिकामी झाली की.” सतराच्या आजींची लेक तिथंच उभी राहून डबा घासत होती. तिनं मान वर केली नाही. तेव्हापासून आमच्या घरातलं कुणी पुन्हा तो प्रश्न विचारलेला नाही.

पाचव्या रात्री आजींना म्हशीचं नाव घेतानाही श्वास पुरेना. पावणेचारच्या सुमाराला धावपळ झाली. सिस्टर, डॉक्टरीण, ऑक्सिजनची नळी, पडदा. वरच्या खाटेचे आवाज खाली फार स्पष्ट येतात. आमची मच्छरदाणी कितीतरी वेळ हलत होती. मग थांबली.

लेक रडली नाही. म्हणाली, “ताई, फोन लावून देता का? माझे हात थरथरतायत.” मी नंबर लावून दिला.

आठ वाजता चादर बदलली. नऊच्या राऊंडच्या आधी सिस्टर आल्या. “सतरा रिकामी झाली. तुमच्या पेशंटला वर घ्या.”

ह्यांनी आईला उठवायला हात पुढं केला. सासूबाई खाटेच्या पायाला धरून बसल्या. “मी वर जायची नाही.”

“आई, अहो, खाट मिळतेय.”

“मला दिसतंय. मी रात्री चारदा उठते, वरून पडले तर कंबरही मोडेल. त्या दारापाशी व्हरांड्यात पोर पडलीय ना, तापात कण्हते ती, तिच्या अंगावर पावसाची झड येते. तिला घ्या.”

सिस्टर म्हणाल्या, “आजी, इथं नंबरानं चालतं.”

“मग माझा नंबर तिला दे.”

सिस्टर एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच उत्तर न देता उभ्या राहिल्या. मग वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं, आणि मामांना हाक मारली, “व्हरांडा सहा, सतरावर!” पोरीची आई तिला उचलून आणताना आमच्या पथारीला ओलांडताना थांबली, पण हात मोकळे नव्हते, म्हणून नुसतंच बघितलं. सासूबाई म्हणाल्या, “ओलांड, ओलांड. माझी उंची काही आता वाढायची राहिली नाही.”

वन्संना फोनवर हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आईचा हट्टीपणा काही जात नाही.” मी चक्क वन्संच्या बाजूनं बोलले नाही, ही आमच्या घरातली मोठीच घटना.

आठव्या दिवशी प्लेटलेट एक लाख दहा हजारांवर गेल्या. कशानं, ते पपईवाले, शेळीवाले आणि फळवाले आपसांत ठरवतील. डॉक्टरीण म्हणाली, “घरी न्या.” सकाळी दहाला ‘घरी न्या’ म्हटलं आणि तो कागद हातात पडला दुपारी चारला, कारण सही करणारे पुन्हा चौथ्या इमारतीत.

त्या कागदाची वाट बघत बसलो होतो, तोच सतराच्या आजींची लेक जिन्यानं वर आली. आईच्या मृत्यूच्या दाखल्याच्या कागदांसाठी आली होती. त्या रात्रीच्या घाईत आमचा खिचडीचा डबा तिच्या सामानात गेला होता, तो घासूनपुसून घेऊन आली.

“डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात,” ती म्हणाली, “पण घरात सुतक आहे, घरचं काही देता येत नाही. म्हणून फाटकापासून घेतलं.”

डब्यात दोन किवी होत्या.

सासूबाईंनी डबा मांडीवर घेतला. माझ्याकडे सुरी मागितली, सुरी नव्हती, तेव्हा चमच्यानंच एक फळ फोडलं, अर्धं तिच्या हातावर ठेवलं आणि उरलेलं सगळं स्वतः खाल्लं.

“आंबट आहे,” म्हणाल्या, आणि दुसरं उचललं. “म्हशीचं काय केलंस गं मग?”